नडगी दुखतेय आणि वर्गणी घेतलीय, आता काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर लांबणार. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. 'दुखापत झाली तर धावणं थांबवा आणि वर्गणी देणाऱ्यांना त्याच आठवड्यात कळवा' असं आम्ही लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की अशा सल्ल्यानं पोरं भित्री होतात, वावरात राबणारा माणूस दुखणं अंगावर काढतोच. दुसरं, दर किलोमीटरला दहा रुपये अशी बोली लावल्याशिवाय गावात कोणी खिशात हात घालत नाही. तिसरं, कर्जात बुडालेल्या गावात धावण्याच्या नावानं पैसे मागणं हीच चैन. आणि मग तुमच्या पुतण्याची हकिकत: जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता वर्गणी, सात आठवडे हातात, २४ किलोमीटरपर्यंत सराव झालेला, डाव्या नडगीत कळ, आणि जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन 'पळ बिनधास्त' असं सांगितलेलं.

आधी पुतण्याचं बघू. वर्गणीचा वाद आठवडाभर थांबला तरी काही बिघडत नाही.

त्याला खाटेवर बसवा. घोट्याच्या वर चार बोटं सोडून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्यानं दाबत वर जा. दुखरा पट्टा चार-पाच बोटं लांब असेल, पळायला लागल्यावर दुखून अंग तापलं की कमी होत असेल आणि रात्री त्रास नसेल, तर बहुतेक वेळा ते हाडाच्या कडेचं आणि तिथं चिकटलेल्या स्नायूंचं दुखणं असतं. धावणारी पोरं त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण कळ एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्याच जागी असेल, पळता पळता वाढत जात असेल, साधं चालतानाही जाणवत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली आहे असं धरून चाला. त्याला म्हणतात स्ट्रेस फ्रॅक्चर. अशा वेळी 'एका पायावर उडी मारून दाखव बरं' हा प्रयोग घरी करू नका.

इथं आपल्याकडे नेहमी फसगत होते ती एक्स-रेमुळे. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. फिल्म स्वच्छ आली की पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानावर, आणि महिन्याभरानं तीच चीर आरपार. दुखणं एका टिचभर जागी असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी पळणं बंदच ठेवायचं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर सेवाग्राम-नागपूरला हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. एमआरआय लागेल की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून भागेल, हे तेच ठरवतील. नडगीच्या समोरच्या धारेवरची चीर तर फार हळू भरते. आणि कोणाला धावताना जांघेत खोल दुखत असेल तर त्याच दिवशी थांबावं, त्या पायावर भार देऊ नये आणि डॉक्टर गाठावा. खुब्याच्या मानेला गेलेली चीर सरकली तर थेट ऑपरेशन.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट लिहितो. डायक्लोफेनॅक किंवा तसल्या गोळीनं हाड जुळत नाही, फक्त कळ दबते. कळ दबल्यावर पोरगा ज्या पायाला जपत होता त्याच पायावर पूर्ण वजन टाकतो. शिवाय घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही औषधं मूत्रपिंडाला बाधतात. म्हणून लांब धावण्याच्या आधी किंवा मधे ती घ्यायचीच नाहीत. पुडीत बांधून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत स्टेरॉइड आहे की नाही हे कळायला मार्गच नसतो, आणि टाचेमागच्या शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन पळलं तर ती शीर तुटूही शकते.

आता 'दुखणं अंगावर काढतोच' या मुद्द्याकडे येतो. निंदण-वेचणीत कंबर दुखते, खांदे भरून येतात, आणि तरी माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो, हे खरं आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण धावताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, आणि मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात. तासाभरात दहा हजार हिसके. हाड या भाराला उत्तर देतं, पण त्याच्या वेळेनं: आधी थकलेला भाग काढून टाकतं, मग तिथं नवा भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं. म्हणूनच अंतर वाढवलं त्या आठवड्यात काही होत नाही आणि कळ येते तीन-चार आठवड्यांनी, जेव्हा सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतं. भित्रेपणाशी याचा काही संबंध नाही.

आपल्याकडच्या पोरांचं हे दुखणं येतं कुठून, तेही सांगायला हवं. बहुतेक जण पोलीस भरतीच्या १६०० मीटरवरून मॅरेथॉनकडे वळलेले असतात. त्यांना एकच वेग माहीत असतो, जीव खाऊन. लांब पल्ल्याच्या सरावात बरंचसं धावणं गप्पा मारता येतील इतकं सावकाश हवं, आणि तेच त्यांना कमीपणाचं वाटतं. दुसरं कारण रस्ता. पांदण पावसाळ्यात चिखलाची आणि नंतर भेगांची, म्हणून सगळे डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर येतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं पळतात, ते बरोबरच आहे. पण रस्ता कडेला उतरता असतो, उजवा पाय कायम खालच्या अंगाला पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. वाहतूक नसलेला सपाट तुकडा, कालव्याची पाळ किंवा शाळेचं मैदान आठवड्यातून दोनदा तरी वापरावं. तिसरं कारण कोणी वहीत लिहीतच नाही: दिवसभर सोयाबीन सोंगायचं किंवा कापूस वेचायचा आणि संध्याकाळी १२ किलोमीटर. पायाला ते सगळं एकाच हिशोबात मोजावं लागतं. सोंगणीच्या दिवशी सुट्टी, किंवा फार तर २० मिनिटं हळू. मुलींच्या बाबतीत आणखी एक: सराव वाढवल्यावर पाळी तीन महिने आली नाही तर तो हाडं कच्ची होत असल्याचा इशारा आहे. खाणं वाढवायचं आणि डॉक्टरला सांगायचं, लाजायचं नाही.

समजा पुतण्याचं दुखणं पट्ट्याचंच निघालं. तरी दोन आठवडे पळणं बंद. दम पहिल्या दोन आठवड्यांत फारसा जात नाही, आणि जो जातो तो सायकलनं धरून ठेवता येतो. घरची साधी सायकल चालेल, फक्त सीट इतकी वर करा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. ज्या दिवशी ५० मिनिटं धावायचं होतं त्या दिवशी ५० मिनिटं सायकल. सोबत एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम: ओट्याच्या पायरीवर पुढचा चवडा, टाच बाहेर, भिंतीला हात. दोन सेकंदात वर, तीन सेकंदात खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे आहेत आणि खालचा वाकलेल्या गुडघ्यानंच कामाला लागतो. सोपं झालं की दप्तरात पाच किलो ज्वारी भरून पाठीला. हा व्यायाम करताना हाडात टोचलं तर मात्र थांबायचं.

परत धावायला कधी? ३० मिनिटं झपझप चालून काही दुखत नाही, हाड दाबून दुखत नाही, एका पायावर २० वेळा टाच उचलता येते, एवढं झाल्यावर. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवस सोडून. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीवर टेकवताना ते उरलेलं नसावं. उरलं तर एक पायरी मागे. प्रत्येक पायरी दोनदा केल्याशिवाय पुढची नाही.

आता गणित मांडा. सातातले दोन आठवडे गेले, राहिले पाच. तिसऱ्यात चालणं-पळणं, चौथ्यात सलग आठ-दहा किलोमीटर, पाचव्यात फार तर १४-१५, आणि शेवटचे दोन हलके. ४२.१९५ किलोमीटरसाठी स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपर्यंत २८-३० किलोमीटरची एखादी तरी दौड न दुखता झालेली असावी लागते. यात ती कुठंच बसत नाही. म्हणून आमचं मत सरळ आहे: या जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन नको. अर्धी जमेल, पण बहुतेक मोठ्या स्पर्धांत इतक्या उशिरा गट बदलून मिळत नाही आणि प्रवेश फीही परत मिळत नाही. आयोजकांना आजच ईमेल करा. बदलून नाही मिळालं तर फी गेली असं समजा. आपला बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, मित्राला देऊन त्याला पळवू नका. काही झालं तर वैद्यकीय पथकाकडे भलत्याच माणसाची माहिती असते. आणि चीर निघाली तर सहा-आठ आठवडे धावणंच नाही, मग प्रश्नच मिटला.

सिकलसेलसाठीच वर्गणी आहे तर आणखी एक गोष्ट करून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण तो दोष अंगात असलेले, बरेच आहेत आणि अनेकांना स्वतःचं माहीत नसतं. सोल्युबिलिटी नावाची रक्ताची पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची, पक्की तपासणी. वाहक माणूस पळू शकतो, पण उन्हात, कमी पाण्यावर किंवा सराव सुटल्यानंतर एकदम जोर लावला तर स्नायू कोसळून जिवावर बेतू शकतं. आपल्या कोरड्या थंडीत तयार झालेला पोरगा मुंबईच्या दमटपणात कितीतरी जास्त घामेजतो, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

आता दर किलोमीटरच्या बोलीबद्दल. चुरशीनं पैसे लवकर जमतात, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण ६० जणांनी किलोमीटरला १० रुपये बोलले तर ४२ किलोमीटरचे २५,२०० होतात आणि २१ वर थांबला तर १२,६००. म्हणजे २८व्या किलोमीटरला नडगी ओरडत असताना त्या पोराच्या डोक्यात हिशोब चालू राहणार, की थांबलो तर रुग्णांचे जवळजवळ साडेआठ हजार जातात. वीस-बावीस वर्षांच्या पोरावर हे ओझं कोणी टाकू नये. रक्कम ठरलेली घ्या, ५० असो की ५००, आणि मागतानाच सांगा की पैसे कामाला आहेत, अंतर कितीही होवो. १९८५ साली बाबा आमट्यांनी 'भारत जोडो' यात्रा काढली तेव्हा पोरं सायकलवर होती आणि बाबा पाठीच्या दुखण्यापायी गाडीत आडवे होते. त्यामुळे यात्रा कोणाला कमी वाटली नाही.

पैसे पुतण्याच्या खात्यावर किंवा त्याच्या क्यूआरवर घेऊच नका. संस्थेचा क्यूआर, संस्थेचं छापील पावतीपुस्तक, नोंदणी क्रमांकासकट. स्वतःच्या नावानं लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची कलम ४१ सी खालची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि नवी कररचना घेतलेल्याला मिळतच नाही, म्हणून शिक्षक किंवा बँकेतल्या माणसाला सवलतीचं आमिष दाखवू नका. एक वही ठेवा: तारीख, नाव, रक्कम, पावती क्रमांक. दर रविवारी त्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर. आणि मागायची वेळ ओळखा. सप्टेंबरात शेतकऱ्याकडे पैसा नसतो, सोयाबीन विकलं की थोडा येतो, कापसाचे चुकारे हातात पडले की जरा मोकळा होतो.

चैनीच्या आरोपातला एक भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे: बूट, प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट आणि मुंबईतला मुक्काम यातला एक रुपयाही वर्गणीतून जाता कामा नये. ते पोरानं स्वतःचे घालावेत किंवा एखाद्या कृषी केंद्रवाल्याकडून, जिनिंगवाल्याकडून वेगळे, त्याच कामाला म्हणून मागावेत. पण ज्या गावात सिकलसेलचं पोर महिन्याला दवाखान्यात नेताना बापाची मजुरी बुडते, तिथं त्या पोरासाठी ५० रुपये मागणं चैन कशी?

देणाऱ्यांना पाठवायला मजकूर हवा असेल तर हा घ्या: 'नडगीच्या हाडाला दुखापत असल्यानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी जानेवारीची मॅरेथॉन धावणार नाही. आजवर जमलेली रक्कम अमुक तारखेला संस्थेकडे जमा झाली आहे, पावती सोबत आहे. किलोमीटरच्या बोलीवर ज्यांनी नाव दिलं होतं त्यांनी मनाला येईल ती रक्कम थेट संस्थेला द्यावी किंवा नाव मागे घ्यावं, माझी काही तक्रार नाही.' हा मजकूर पुतण्याच्याच नावानं जाऊ द्या, तुमच्या नको. एक-दोघं नाव मागे घेतील, घेऊ द्या.

डॉक्टरांनी दाबून पाहिल्यावर काय सांगितलं आणि दुखरी जागा घोट्यापासून किती बोटं वर आहे, एवढं इथंच लिहा. सायकल सुरू करायला त्यांनी हो म्हटलं असेल तर पुढच्या दोन आठवड्यांचा दिवसवार तक्ता आम्ही करून देऊ.