बाहुल्या बघायला डोंगरात

"जपानला जाऊन बाहुल्या बघत बसलास?" असं फॅमिली ग्रुपवर काकांनी विचारलंय, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, म्हणून ही पोस्ट. हो, बसलो. आणि तेही टोकियोत नाही, शिकोकू बेटावर, कोची प्रांतातल्या शिमांतोच्या डोंगरात. तिथे एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत 2011 पासून कायोदो हॉबी म्युझियम आहे. जागा इतकी आडवळणाची की ते स्वतःच स्वतःला आडगावचं म्युझियम म्हणवतात, आणि बरोबरच म्हणतात.

कायोदो ही फिगर, म्हणजे पात्रांच्या आणि प्राण्यांच्या छोट्या मूर्ती, बनवणारी कंपनी. ओसामू मियावाकी (झाडं लावणारे मियावाकी ते वेगळे हो!) यांनी 1964 ला ओसाकाजवळ मोरिगुचीत मॉडेलचं एक टीचभर दुकान काढलं, जेमतेम पाच चौरस मीटरचं. किस्सा असा सांगतात की उदोन नूडल्सचं दुकान टाकावं की मॉडेलचं हे ठरेना, तर गड्याने लाकडी तलवार उभी धरून सोडली आणि पडेल त्या बाजूचा धंदा. खरंखोटं देव जाणे पण माणूस बघता पटतं.

आत कपाटंच कपाटं. डायनोसॉर, रणगाडे, विमानं, अॅनिमेतली (जपानी कार्टूनमधली) पात्रं. मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते शिल्पकार शिनोबू मात्सुमुरांच्या प्राण्यांपाशी. 1999 ला फुरुता कंपनीने चॉको एग काढलं, चॉकलेटच्या अंड्यात प्लॅस्टिकची कुपी आणि कुपीत जपानातला एखादा प्राणी, त्याचं मूळ शिल्प मात्सुमुरांचं. आकार अंगठ्याएवढा, पण पाठीचा बाक, पाय टाकायची ढब सगळं त्या त्या प्राण्याचं. पोरांपेक्षा मोठी माणसंच खोकेच्या खोके उचलायला लागली आणि चॉकलेटचं काय करायचं हा प्रश्न घराघरात पडला.

आता काकांसाठी. ही फिगर कशी होते? आधी शिल्पकार हाताने एक मूळ नग घडवतो, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा, साच्यात रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक) ओतायचं, सुटे भाग बाहेर. गॅरेज किट म्हणतात त्यात हे भाग बिनरंगाचेच विकतात, कापा, घासा, चिकटवा आणि रंगवा तुमचं तुम्ही. म्हणजे आपल्या पेणच्या कारखान्यात जे चालतं तेच की! शाडूचा मूळ नमुना, त्याचा साचा, आणि शेवटी डोळ्यांची आखणी, जी कुणालाही करू देत नाहीत. इथेही डोळे फसले की पूर्ण फिगर मेली. पेणला जाऊन आपण "वा, काय कला आहे" म्हणतो आणि इथे बाहुल्या?

मला भावलं ते म्हणजे घडवणाऱ्याला मिळणारं नाव. कायोदोने 2006 ला रिव्होल्टेक म्हणून सांधे हलणाऱ्या फिगर काढल्या, तो सांधा कात्सुहिसा यामागुचींचा, तर आख्खी मालिकाच 'यामागुची' नावाने खपते. लोक विचारतात यात यामागुचींचं नवीन काय आलं. आपल्या घरचा गणपती कुणी घडवला हे किती जणांना सांगता येईल? मला तरी दुकानदाराचंच नाव माहितीये.

सगळंच गोड लागलं असं नाही. बोमे नावाचा त्यांचा शिल्पकार मुलींच्या फिगरसाठी प्रसिद्ध, ताकाशी मुराकामींसारख्या मोठ्या कलाकाराने त्याला सोबत घेऊन काम केलंय, हात जबरदस्त आहे यात वाद नाही. पण कमी कपड्यातल्या, शाळकरी चेहऱ्याच्या त्या पोरी ओळीने बघताना मी अवघडलो. बायको सरळ म्हणाली, पुढे चल. कौशल्य आहे म्हणून सगळं मान्य असं काही मला जमत नाही, चाहत्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडावं.

त्यांच्याकडचा वंडर फेस्टिव्हल, म्हणजे फिगर आणि किटचा मेळा, मात्र एकदा गाठायचाय. 1992 पासून कायोदोच भरवते. तिथे घरी किट बनवणाऱ्या हौशी लोकांना फक्त त्या दिवसापुरती, त्या हॉलपुरती कॉपीराइटची परवानगी मिळते. दिवस संपला की विक्री बंद. कंपनीचा हक्क राहतो आणि पोरांचा हातही चालू राहतो, एवढी साधी युक्ती इतरांना कशी सुचत नाही कळत नाही.

जाणार असाल तर कोचीहून कुबोकावा, तिथून योदो लाइनने उचिइगावा. या लाइनवर एक डबा असा धावतो ज्याला पहिल्या शिनकान्सेनचं (जपानी बुलेट ट्रेनचं) नाक लावलंय, मुळात साधी डिझेल गाडी, बघूनच हसू येतं. गाड्या अगदी मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा आणि मगच कपाटांपुढे उभे राहा.