मेडिकलवाल्याने बोट टोचायचं का? : रावपुऱ्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मेडिकल स्टोअरमध्ये हिपॅटायटिस बी-सीची तपासणी व्हावी, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत : अर्ध्या दुकानांत फार्मासिस्टचं नुसतं सर्टिफिकेट भिंतीला असतं, तिथे बोट टोचून घ्यायचं? तपासणीची पट्टी पॉझिटिव्ह आली की माणूस हादरणार आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोळात, म्हणजे गल्लीत, बातमी. मग लॅब कशाला आहेत?

लॅबमध्ये जातं कोण, काका? ज्याला काही होतंय तो. हे दोन विषाणू वीस-तीस वर्षं यकृतात मुक्काम ठोकतात आणि माणूस दर नवरात्रात गरबा खेळतो. डोळे पिवळे झालेच तर आपल्याकडे आधी गळ्यात काविळीची माळ! (ती कावीळ बहुधा दूषित पाण्यातल्या ए किंवा ईची असते, आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं.) बी आणि सी रक्तातून येतात (बी तर जन्मताना आईकडून आणि शरीरसंबंधातूनही) : न तपासलेली रक्ताची बाटली, पुन्हा वापरलेली सुई, जत्रेतलं गोंदण. २००९ साली आपल्याच गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंजमुळे बीची साथ पसरून माणसं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात बीचे २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख बाधित होते. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. ते लॅबची पायरी चढतील कशाला?

पण बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या न्यायला ते दर महिन्याला येतातच. स्कॉटलंडच्या टेसाइड भागात हेच हेरलं. मेथाडोन (हेरॉइनसारखं व्यसन सोडवायला देतात ते औषध) घ्यायला रोज दुकानात येणाऱ्या लोकांची सीची तपासणी आणि उपचार फार्मासिस्टनेच केले, तर नेहमीच्या वाटेपेक्षा जास्त जण बरे झाले. तिथला गट वेगळा, कायदे वेगळे. मला घ्यायची आहे ती ओळख : गिऱ्हाईक ज्याचं ऐकतं, त्याने विचारलं की "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का हो?"

भाड्याच्या सर्टिफिकेटबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर नसेल, तर तिथे पट्टी ठेवूच नये. वापरलेल्या सुया कुठे जाणार, याची सोयही आधी हवी. आणि दुकानदाराने आपल्या मनाने पट्ट्या विकाव्यात असं मी लेखातही म्हटलेलं नाही. सरकारी कार्यक्रमाने प्रशिक्षण देऊन, नेमून दिलेल्या दुकानांतच हे व्हावं.

हादरण्याचं म्हणाल, तर सीची पट्टी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहेच असं नाही. ती पट्टी अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दाखवते, आणि बऱ्याच जणांचं शरीर विषाणूला स्वतःच हुसकावतं. म्हणून पुढे आरएनए तपासणी लागते; विषाणू रक्तात अजून आहे का, ते ती सांगते. विषाणू सापडलाच तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या, आणि शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात हे फुकट आहे. बी अंगात जुना झाला की सहसा मुळापासून जात नाही, पण औषधांनी दाबात राहतो. शिवाय एकाला बी आहे हे कळलं की घरातल्या बाकीच्यांना तपासून बीची लस देता येते.

हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायला पाच मिनिटं आणि एक आडोसा लागतो. गर्दीच्या वेळी काउंटरवर ओरडून निकाल सांगणारा दुकानदार मलाही नकोय. हातात चिठ्ठी द्यायची, त्यावर कोणत्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या खिडकीवर जायचं ते लिहायचं आणि आठवड्याने फोन करून विचारायचं. हा फोन कोण करणार, यावर तुम्ही बोट ठेवलं असतंत तर मला उत्तर द्यायला खरंच जड गेलं असतं.