हुकूमनाम्याने भागत नाही

“घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत जोडा, की झालं,” हे उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. मी शिवणकाम करते, वर्षाला जेमतेम दीड लाख. लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायला गेले. खिडकीवरचे साहेब म्हणाले, “वडिलांचं उत्पन्न कुठंय?” हुकूमनामा उलटासुलटा करून परत दिला. पोटगीचा रुपयाही येत नाही असं शपथपत्र, वर तलाठ्याचा अहवाल, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला काम झालं.

शिष्यवृत्तीची आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आम्हाला कधीच आड आली नाही हो. आड आलं ते रेशनकार्डावर राहून गेलेलं नवऱ्याचं नाव! ते आधी कमी करून घ्या, एवढं तरी लेखात हवं होतं.