गुंगी आली की सोडियमही बघा
रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झालेल्यांचं रक्तातलं सोडियम (मिठातला एक घटक) उतरू शकतं, हे तुमच्या लेखात ठळक सांगितलंत ते फार बरं केलंत. माझे वडील चौथ्या दिवशी एकाएकी गुंगीत गेले, बोलणं असंबद्ध झालं. आम्हाला वाटलं, दुसरा झटका. सोडियम निघालं ११८ मिलिमोल प्रति लिटर! (१३५ ते १४५ हवं.) रक्तदाबाची थायझाइड गोळी (लघवी वाढवणारी) चालू होती, तिनेही ते उतरतं हे तेव्हा कळलं.

एक भर घालतो. आपल्या मनाने मीठ-पाणी पाजू नका. सोडियम कशाने उतरलंय, अंगात पाणी साठलंय की लघवीतून मीठ जातंय, त्यानुसार उपचार अगदी उलटे होतात. शिवाय पातळी घाईने वाढवली तर मेंदूला वेगळीच इजा होऊ शकते, म्हणून २४ तासांत साधारण ८-१० मिलिमोलपेक्षा जास्त चढू देत नाहीत. आम्ही मात्र ‘लवकर करा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलो होतो.