चार झाडं, पाच रकाने आणि मी

मुलीला झाडांच्या भागांचा तक्ता करायचा होता, एवढंच काम. उंबर, गुलमोहर, नारळ, सुरू अशी चार झाडं, समोर मूळ, खोड, फांद्या, पान, फूल असे पाच रकाने, आणि सोमवारी सबमिट. मी रविवारी संध्याकाळी म्हटलं अर्ध्या तासात उरकतो, खाली मूळ, वर पान, त्यात काय एवढं, आपण काय झाडं बघितली नाहीत होय.

सुरुवात गुलमोहरापासून केली कारण तो सोपा वाटला. "एक पान आण गं" म्हटलं तर पोरगी नखापेक्षाही लहान हिरवं काहीतरी घेऊन आली, मी ते डिंक लावून चिकटवलं, ते डिंकातच बुडालं, आणि मग पुस्तक उघडल्यावर कळलं की हे पान नाहीच, ही पर्णिका. खरं पान ओळखायचं तर देठाच्या बगलेत कळी बघायची, पर्णिकेच्या बगलेत ती नसते. मग मी मान वाकडी करून बगला तपासत मागे मागे गेलो, तर शेवटी हातात आलं ते हातभर लांब पिसासारखं प्रकरण, त्यावर शेकडो पर्णिका, आणि हे सगळं मिळून म्हणे एक पान! रकाना होता दोन इंचाचा.

नारळाने तर प्रत्येक रकान्यावर आक्षेपच घेतला. सोटमूळ? नाही, दोरीसारख्या मुळांचा नुसता गुंता. फांद्या? नाहीत, ती झावळी म्हणजे पान, तेही चांगलं 15 फुटांचं. खोडाला खरी साल नाही, आत वर्षाची वलयं नाहीत, आणि एकदा बुंधा जाड झाला की झाला, पुढे फक्त उंची वाढते (माझं नेमकं उलटं चाललंय). चौथ्यांदा 'नाही' लिहिल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मग हे झाड कशावरून?"

उंबराचं फूल हा शब्द मी आजवर फक्त न भेटणाऱ्या मित्रांसाठी वापरला होता, तो रकाना भरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण ते फूल असतं! उंबर म्हणून आपण जे बघतो ती गोळी म्हणजे उलटी केलेली पिशवी, फुलं सगळी आतल्या बाजूला. ब्लेडने उभा काप घेतला तर आत गुलाबी भुरभुरीत काहीतरी दाटीवाटीने भरलेलं, आणि एवढ्यात त्यातून चिलटांसारखे किडे उडाले, एक थेट माझ्या चष्म्यावर. टोकाशी बारीक छिद्र असतं, त्यातून इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरतात आणि परागीभवन करतात, हे मी मुलीला सांगायला लागलो तोवर ती खोलीबाहेर पळाली होती. तर आता यापुढे मित्रांना म्हणायचं तरी काय?

राहिला सुरू. त्याच्या हिरव्या काड्या मी पटापट 'पान' खाली चिकटवल्या, रात्रीचे साडेदहा झाले होते, कोण विचारतंय. पण पुस्तक म्हणतं त्या काड्या म्हणजे बारीक फांद्या. काडी ओढली की टक्कन सांध्यावर सुटते, आणि भिंगातून बघितलं तर त्या सांध्याभोवती सहा ते आठ दातेरी खवले दिसतात. तीच पानं! झालं, काड्या उपटून 'फांद्या' खाली लावल्या (मागे कागदाचं सालपट निघालं ते निघालंच), आणि एक सांधा चिमट्याने धरून, श्वास रोखून, 'पान'च्या रकान्यात बरोबर मधोमध बसवला. एवढ्या काळजीने मी लग्नाच्या अर्जावर फोटोसुद्धा चिकटवला नव्हता.

बुधवारी तक्ता परत आला. बाकी सगळीकडे बरोबरच्या खुणा, उंबराच्या फुलालाही. फक्त सुरूच्या 'पान' रकान्यात लाल पेनने विचारलं होतं, 'पान कुठे आहे?' आणि ते नेमकं त्या पानांवरच लिहिलं होतं.