हात मिळवायला लावू नका

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन-चार ग्रुपवर फिरतोय. एका खेड्यातली शाळा, अख्खा वर्ग उभा. सहावीतला वाटावा असा एक मुलगा आणि त्याच्यासमोर त्याच्याहून हातभर उंच तिघं. गुरुजी म्हणतात, "चला, हात मिळवा, एकमेकांना सॉरी म्हणा, आता मित्र." तिघं सॉरी म्हणून मोकळे होतात. मग तो मुलगाही सॉरी म्हणतो. एका हातात दप्तराचा तुटलेला बंद, नजर जमिनीवर. टाळ्या. खाली लिहिलंय, 'असे संस्कार हवेत.'

त्यानं कशाबद्दल सॉरी म्हटलं? टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही हा प्रश्न पडला नाही?

भांडण वेगळं, छळ वेगळा. डाव गेला म्हणून बरोबरीची दोन पोरं अंगावर धावून गेली तर ते भांडण. तिथं हात मिळवून भागतं, संध्याकाळी तीच पोरं पुन्हा एकत्र खेळतात. छळाच्या तीन खुणा शाळांमधल्या छळाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी कधीच सांगून ठेवल्यात: मुद्दाम केलेला, पुन्हापुन्हा होणारा, आणि ज्याच्यावर होतो त्याला स्वतःची सुटका करून घेता येत नाही असा. एकावर तिघं, तेही मोठे, हे भांडण कसं होईल? अशा पोराला सगळ्यांदेखत 'मित्र' करून टाकलं की पुढच्या वेळी तक्रारीला तोंडच उरत नाही. 'मिटलं होतं ना तुमचं?' हे ऐकायला लागणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि खेड्यात तर पळायलाही जागा नाही. तुकडी एकच, ती बदलून मिळत नाही. दुसरी शाळा लांब. दोन-तीन इयत्ता एका खोलीत, म्हणजे धाकटं आणि थोराड एकाच सतरंजीवर. पहिलीत बापाच्या कामावरून, जातीवरून किंवा चालण्यावरून पडलेलं नाव शाळा सुटेपर्यंत चिकटतं. ज्याच्या शेतावर आई कामाला जाते त्याच्याच पोरानं मारलं, तर ते लेकरू घरी अवाक्षर काढत नाही. आईचं काम जाईल एवढं त्याला कळतं. आपण म्हणतो, "बोलला का नाही?"

हे शिक्षकांच्या डोळ्यांदेखत सहसा घडत नाही. घडतं मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीशी, शौचालयामागे, गाडीच्या मागच्या सीटवर. आणि घडतं शाळा सुटल्यावर, शाळा आणि वस्ती यांच्यामधल्या रस्त्यावर, कारण तो रस्ता ना शाळेचा ना घरचा. शिक्षकांनी सुटल्यावर दहा मिनिटं पहिल्या वळणापाशी उभं राहावं. मान्य, दोन शिक्षकांवर सगळी शाळा आणि वर कागदांचा ढीग. तरीही दहा मिनिटं.

दिवसभर पाणी न पिणारं मूल बघा. शौचालयात जावं लागू नये म्हणून ते तहान मारतं. मुद्दाम घंटा झाल्यावर येणारं, लांबच्या वाटेनं घरी जाणारं, पेन्सिली सतत 'हरवणारं' मूल बघा. त्या व्हिडिओतल्या दप्तराचा बंद आपोआप तुटला असेल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग करायचं काय? आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, आणि वर्गातून त्याचं नाव पुकारून बोलावू नका. वह्या आणायच्या निमित्तानं दोघा-तिघांना बोलवा आणि त्याला मागे ठेवून घ्या. कुठे, केव्हा, कोण कोण होतं, आधी कधी झालं, एवढंच विचारा. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न तोंडातून काढू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कुणाला सांगणार ते सांगा. त्याच दिवशी तारीख घालून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मग त्या तिघांना वेगवेगळं, लागोपाठ बोलवा, मधे एकमेकांना भेटू न देता. कुणी सांगितलं ते कळू देऊ नका. 'का केलंस?' विचारलंत तर 'मस्करी केली' हेच उत्तर येणार. त्यापेक्षा काय झालं ते विचारा आणि हे आजपासून बंद, असं स्पष्ट सांगा. वही फाडली असेल तर ज्यानं फाडली त्यानंच ती भरून द्यायची.

आणि त्या मुलाचीच जागा बदलू नका, सुट्टीत त्यालाच वर्गात बसवू नका! ती शिक्षा झाली, आणि ती चुकीच्या पोराला झाली.

'मस्करी केली', 'त्यानंच सुरू केलं', 'सगळेच करतात' ही वाक्यं पोरांनी आपल्याकडूनच उचलली. 'आमच्या वेळी आम्हीही मार खाल्ला, बिघडलो का?' म्हणणारे काका आजही त्या व्हिडिओखाली हजर आहेत. परिपाठाला रोज सुविचार म्हटला म्हणून हे पुसलं जात नाही. काही आईबाप साध्या ढकलाढकलीचाही छळ करून टाकतात, हे खरं. पण त्यापायी खरा छळ झाकायचा नाही.

पुन्हा पाहिला तो व्हिडिओ. या वेळी बाकीची पोरं पाहिली. काही हसतायत, काही खिडकीबाहेर बघतायत, एक मुलगी मात्र त्याच्याकडे एकटक बघतेय. मला आशा तिच्याकडून आहे. फिनलंडमधल्या शाळांतला छळ थांबवण्यासाठीच्या 'किवा' कार्यक्रमात, वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन ते चार मुलांना सोबतीला घेतात. त्यांनी मारामारी करायची नसते. ज्याचा छळ होतो त्याच्याशेजारी बसायचं, घरी जाताना बरोबर चालायचं. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या एका निरीक्षणात, एखादं मूल मधे पडलं की निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबलेला दिसला.

त्या तिघांवरही माझा तेवढा राग उरला नाही आता. त्यातल्या धाकट्याचा चेहरा घाबरलेला आहे. दुसऱ्याला त्रास दिला नाही तर आपली पाळी येईल, या भीतीनं कितीतरी पोरं टोळीत राहतात. घरी त्यांनाच कुणी बडवत असेल तर तेही विचारायला हवं. पण म्हणून 'जाऊ दे' नाही.

आठवड्यानं पुन्हा विचारा, दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, त्या मुलाला वेगळं आणि त्या तिघांना वेगळं. बहुतेक ठिकाणी इथंच पाठपुरावा सुटतो. म्होरक्या गप्प बसतो आणि त्याचा जोडीदार रस्त्यावर सुरू करतो, मारणं थांबतं आणि कुणीच बोलेनासं होतं. म्हणून नुसतं 'मारतात का?' असं विचारू नका. 'सुट्टीत कुणाबरोबर होतास?' असं विचारा. उत्तर 'एकटाच' आलं तर काम संपलेलं नाही.