"पोरांना काम नको" हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका

आज दुपारी एका साखरपुड्यात, ताटं हातात असताना, नात्यातले एक काका मोठ्या आवाजात म्हणाले, "हल्लीच्या पोरांना कामच नको. मोबाईल हवा, गाडी हवी, कष्ट नकोत." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. कार्य दुसऱ्याच्या घरचं, म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय आणि लिहिल्याशिवाय ते शांत होणार नाही.

काका पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीतून रिटायर झालेत. ऐंशीच्या दशकात दहावी करून गावाहून आले, थोड्याच दिवसांत पर्मनंट झाले. मग प्राधिकरणात घर, मुलांची शिक्षणं, कंपनीची बस, कँटीन, दिवाळीला बोनस, शेवटी पीएफ आणि ग्रॅच्युइटी. त्यांनी हे कष्टानं मिळवलं. तिन्ही शिफ्ट करून त्यांच्या कमरेचं काय झालंय ते आम्ही पाहिलंय. पण त्या कष्टाच्या बदल्यात पुढच्या वर्षीचा पगार येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या भरवशावर बँक कर्ज देत होती आणि सासरे मुलगी देत होते.

आता माझ्या भाच्याचं ऐका.

धाकट्या बहिणीचा मुलगा. अहमदपूर तालुक्यातला, आयटीआय फिटर. चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला. नाणेकरवाडीत कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत सहा जण. पगार कापून हातात १४ हजार. त्यातून खोली, मेस आणि घरी पाठवायचे ते वेगळे. सात महिने झाले आणि एक दिवस सुपरवायझरनं दोन नवीन पोरं त्याच्यासमोर उभी केली आणि म्हणाला, यांना मशीन शिकव. त्यानं आठवडाभर मन लावून शिकवलं. हात कुठे ठेवायचा, कुठे नाही, मशीनचा आवाज बदलला की काय समजायचं, सगळं. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली तर गेटवर सिक्युरिटीनं त्याचा गेटपास काढून घेतला. उद्यापासून यायचं नाही. सुपरवायझर काही बोलला नाही, कंपनीचं पत्र नाही, ठेकेदाराचा फोन बंद. शिकवलेली दोन पोरं सोमवारपासून त्याच्या मशीनवर.

रात्री मला फोन केला. रडला नाही. म्हणाला, "मावशी, मी दोघांना नीट शिकवलं बरं का. त्यातला एक आपल्याच भागातला आहे."

हा पोरगा आळशी? याला कष्ट नकोत?

हे सात महिन्यांनीच का होतं, तेही सांगते, कारण आमच्यातल्या पुष्कळांना ते माहीतच नसतं. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमांत, तरतूद होती की तात्पुरत्या कामगाराचे वर्षात २४० दिवस भरले की त्याला कायम करायचं. चांगला नियम, कामगाराच्या बाजूचा. त्याचा उपयोग काय केला गेला? २४० च्या आधी ब्रेक. ब्रेक म्हणे! घरी बसवणे असं सरळ म्हणा की. चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठेही जाऊन पोरांना विचारा, 'ब्रेक दिला' हे ती इतक्या सहज सांगतात की आपल्यालाच कसंतरी होतं. पुढे ठेकेदारामार्फत माणूस घ्यायची पद्धत पसरली, मग तर कंपनी म्हणायला मोकळी की हा आमचा कामगारच नाही. देशातल्या कारखान्यांमध्ये आज १०० कामगारांमागे साधारण ४० कंत्राटी आहेत, हे सरकारच्याच उद्योग पाहणीत येतं.

भाच्याला दीड महिन्यानं फोन आला. दुसरा ठेकेदार, नवं कार्ड, नवं जॉइनिंग. कंपनी तीच आणि मशीनसुद्धा तेच. पगार मात्र पुन्हा नवख्याचा.

मधल्या दीड महिन्यात तो गावी होता. सोयाबीन काढायला वडिलांना मदत केली. त्याचे त्याला पैसे मिळाले नाहीत, घरचंच शेत. पण सरकारी पाहणीत घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही रोजगारात धरतात. म्हणून २०२३-२४ चा बेरोजगारीचा आकडा ३.२ टक्के येतो आणि टीव्हीवर टाळ्या वाजतात. त्याच पाहण्यांमध्ये शेतीवरच्या माणसांचा वाटा २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेलाय. देश पुढे जातोय तर माणसं शेतीतून कारखान्यात यायला हवीत ना? इथे ती कारखान्यातून बांधावर परत चाललीत. आणि शेतीची काय अवस्था आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

शिकून तरी काय मिळतंय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आहे आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४. माझी बहीण चौथी शिकली. पोराच्या आयटीआयसाठी तिनं कानातलं मोडलं. आम्हा सगळ्यांना हेच शिकवलं होतं की शीक, म्हणजे उन्हात राबावं लागणार नाही. तिला हा आकडा मी कोणत्या तोंडानं सांगू?

आता भाच्याला पोलीस भरतीचं वेड लागलंय. पहाटे उठून पळतो, मग शिफ्टला जातो. काकांसारखे लोक यावरही नाकं मुरडतात, सगळ्यांना सरकारीच नोकरी पाहिजे म्हणून. अहो, पाहिजेच! का नको? २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज आले. भर पावसाळ्यात मैदानी चाचण्या, पोरं रात्री फुटपाथवर झोपली. ही पोरं कष्टांना भीत असती तर १६०० मीटर धावायला कशाला गेली असती? त्यांना फक्त असं काम हवंय जिथे शनिवारी कुणी गेटपास काढून घेणार नाही.

आणि ज्या सरकारकडे ती आशेनं बघतात त्या सरकारनं काय केलं? सप्टेंबर २०२३ मध्ये शासन निर्णय काढून नऊ एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांतच कंत्राटी माणसं भरायचं ठरवलं. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पुढच्या वर्षी युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकाला ८, पदवीधराला १०, तेही सहा महिन्यांसाठी. नंतर मुदत थोडी वाढवली. पोरांनी कार्यालयं सांभाळली, शाळा सांभाळल्या, आणि मुदत संपल्यावर आंदोलनाला बसली. कारखानदाराला काय बोलायचं मग, सरकारच जर तेच करत असेल?

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. ऑर्डर कमीजास्त होतात, हे खरं. काही ठिकाणी युनियनच्या पुढाऱ्यांनीही माती केली. आणि हो, चार दिवसांत काम सोडून पळणारी पोरंही असतात, ती मीही पाहिलीत. नव्या कामगार संहितेत ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला वर्षभरानं ग्रॅच्युइटी मिळते, तेही चांगलंच. फक्त ज्याचं वर्ष कधी भरूच दिलं जात नाही, त्यानं त्या तरतुदीचं काय करायचं ते कुणीतरी सांगा.

लग्नाचं लिहायचं नव्हतं, पण आज साखरपुडाच होता म्हणून लिहिते. भाचा २८ चा झाला. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्हीकडे पहिला प्रश्न "मुलगा पर्मनंट आहे का?" मुलीकडच्यांचा मला राग येत नाही. मला मुलगी असती तर मीही हेच विचारलं असतं. पण बहिणीचा आवाज फोनवर दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. ती त्याला काही बोलत नाही, मलाच विचारते, "ताई, त्याचं काही चुकतंय का गं?"

नाही गं बाई. त्याचं काही चुकत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बारा-बारा तास उभा राहतो, ओव्हरटाइमचे पैसे कधी पूर्ण येत नाहीत, तरी सुट्टी मारत नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आज तीन-चार कंपन्यांत मशीन चालवतायत. काकांच्या जमान्यात असा पोरगा आतापर्यंत सुपरवायझर झाला असता.

काका फेसबुकवर आहेत, माझ्या लिस्टमध्येही आहेत. वाचतील. वाचू देत. काका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण रविवारी निगडीला घरी या. भाचा सुट्टीला येतो तेव्हा. त्याच्याशी दहा मिनिटं बोला आणि मग मला सांगा कुणाला काम नकोय ते.

आणि माझ्या लिस्टमध्ये जे एचआरमध्ये आहेत, ज्यांची स्वतःची वर्कशॉप्स आहेत, त्यांना थेट विचारते. फिटर आहे, प्रेस शॉपचा अनुभव आहे, व्यसन नाही, भोसरी, तळवडे, रांजणगाव कुठेही येईल. पगार हजार-दोन हजार कमी असला तरी चालेल, पण नेमणुकीचं पत्र कंपनीच्या नावाचं हवं, ठेकेदाराच्या नाही. जागा असेल तर इनबॉक्स करा.